खालचा मजला आणि उधाणाचं पाणी

आमच्या घरात घराविषयी एकच ठाम मत होतं. मजला खालचा पाहिजे. दिशा, रंग, खिडक्या, शेजार, बाकी कशावरही तडजोड चालायची, मजल्यावर नाही.

हे मत जालन्याच्या नळातून आलेलं होतं. केदारखेड्याहून आम्ही जालन्यात आलो तेव्हा मस्तगडला एका भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्या मिळाल्या होत्या. नळाला पाणी रोज येत नसे. ज्या दिवशी येई त्या दिवशीही त्याला जोर एवढाच, की खालच्या तोटीतून करंगळीएवढी धार आणि वरच्या तोटीतून नुसती हवा. "नळ आलाऽऽ" अशी आरोळी गल्लीत उठली की बाबा हंडे घेऊन जिना उतरायचे. ते मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करायचे. दिवसभर पोती वाहिलेला माणूस घरी येऊन पुन्हा पाणी वाहायचा. माय म्हणायची, "मोंढ्यात निदान मजुरी भेटते. हितं सगळी फुकटची हमाली."

पुढे त्याच घराच्या मागच्या बाजूच्या खालच्या खोल्या रिकाम्या झाल्या आणि आम्ही तिथे उतरलो. त्यानंतर पहिल्यांदा नळ आला तेव्हा बाबांनी तोटीपाशी पाट टाकला आणि बसून पाणी भरलं. गल्लीतल्या एकाने टोमणा मारलाच, "काय राजेसाहेब, हौदावर बसून राह्यले का?" बाबा म्हणाले, "बसू दे रे. जलमभर उभ्यानं भरलं."

ताईनं खाडीकाठच्या शहरात घर घ्यायचं ठरवलं, तेव्हा हे मत आमच्याबरोबर रेल्वेत बसून तिकडे गेलं.

ताई माझ्याहून मोठी. नर्सिंगचा कोर्स करून ती मुंबईच्या पलीकडच्या एका शहरात दवाखान्यात लागली. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. पदवीच्या कागदावर नाव माझं आहे, पण त्यामागच्या रात्रपाळ्या तिच्या आहेत. भोकरदनच्या वसतिगृहात राहून शाळा केली आणि जालन्यात कॉलेजला आलो तेव्हा मला पुस्तकं कुठे मिळतात हेही माहीत नव्हतं. तिनं तिकडून यादी करून पाठवली, एका सहकारी नर्सच्या भावाकडून जुनी पुस्तकं मिळवली, आणि दर रविवारी फोनवर विचारायची, "काय वाचलं, सांग." मी सांगायचो. तिला त्यातलं काही लागत नव्हतं, तरी ती ऐकायची. आज मी जालन्यात एका शाळेत भूगोल शिकवतो. वर्गात उभा राहिलो की अजूनही कधीकधी वाटतं, मी तिलाच फोनवर सांगतो आहे.

तर घर पाहायला बाबा आणि मी गेलो होतो. दाजी तिथल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर. त्यांना सुट्टी नव्हती, म्हणून ताई आणि आम्ही दोघं. चार मजल्यांची जुनी इमारत होती. एजंटनं दोन घरं दाखवली. तिसऱ्या मजल्यावरचं हवेशीर होतं. खालचं जरा अंधारं. बाबांनी खालच्या घराच्या मोरीतली तोटी उघडली. पाणी भसाभस आलं. त्यांनी ती बंद केली, पुन्हा उघडली.

एजंट चांगला होता. म्हणाला, "काका, वरही एवढंच येतं. गच्चीवर टाकी आहे."

"आज येतं," बाबा म्हणाले. "उद्याचं कोन सांगावं?"

इमारतीच्या मागे कुंपणाची भिंत, भिंतीपलीकडे तिवरांची हिरवी झाडी, आणि त्यापलीकडे खाडी. बाबा भिंतीपाशी बराच वेळ उभे राहिले. मग वळून म्हणाले, "पोरी, तुझ्या घरामागं तर धरनच हाय."

फाटकाशी एक मासेवाली टोपली घेऊन बसली होती. तिनं बाबांना विचारलं, "खालचा घेतला?"

"हां, खालचा!"

"खालचाच?"

"मंग! खालचाच."

तिनं बाबांकडे पाहिलं, खाडीकडे पाहिलं आणि "बरं" म्हणून टोपली उचलली. जालन्याला परतल्यावर बाबा पुढे कितीतरी दिवस सांगत होते, की आमच्या पोरीचं घर पाहून तिथल्या मासेवालीच्यासुद्धा पोटात दुखलं.

पहिले काही पावसाळे काही झालं नाही.

माय दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जाते. पावसाळ्यात, वर्षावासाच्या महिन्यांत तर विहारात रोज ग्रंथवाचन असतं आणि पौर्णिमेला गर्दी होते. वंदना झाली, पंचशील म्हणून झालं, की घरी येऊन ती ताईला फोन लावते. तिथे जवळ विहार नाही, म्हणून इथलं सगळं सांगते: कोण आलं होतं, खीर कुणी केली, कुणाच्या सुनेनं पहिल्यांदा ग्रंथ वाचला. अशाच एका पौर्णिमेला दुपारी तिनं फोन लावला, तर ताई पहिलंच वाक्य बोलली, "माय, घरात पाणी आलंय."

"लई पाऊस झाला का?"

"न्हाई गं. लख्ख ऊन पडलंय. मोरीतून येतंय, उलटं."

मायला कळेना. तिनं फोन माझ्याकडे दिला. मागून भाचीचा आवाज येत होता, "आई, माझी चप्पल! आई, माझी चप्पल!" ताई म्हणाली, "मोरीच्या भोकात बोळा कोंबला, तर गटाराच्या झाकणातून यायला लागलं. खारट आहे. फरशी धुवायच्या पण कामाचं न्हाई."

दोन-तीन तासांत ते गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं. अमावास्येला पुन्हा. तिथले लोक त्याला उधाण म्हणतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती मोठी असते, आणि पावसाळ्यात सगळ्यात मोठी. हे मी वर्गात कितीदा तरी शिकवलं होतं.

बाबांना समजावताना मात्र पुस्तक कामाला आलं नाही. शेवटी मी गवंड्याची नळी आणली. दोन भिंतींची पातळी जुळवायला गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, ती. एक टोक बाबांच्या हातात दिलं, एक माझ्या. माझं टोक वर उचललं, तसं त्यांच्या टोकातून पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं.

"ही खाडी, आणि ही ताईची मोरी," मी म्हणालो. "शहराचं गटार खाडीत सोडलेलं आहे. बांधलं तेव्हा त्याचं तोंड भरतीच्या वर होतं. आता समुद्र हळूहळू वर येतोय. मोठ्या भरतीला ते तोंड बुडतं, आणि पाणी आल्या वाटेनं परत येतं."

"समुद्र काहून वर येऊन राह्यला?"

मी सांगितलं. हवा तापते आहे, तसं समुद्राचं पाणीही तापतं आणि तापलं की फुगतं. डोंगरांवरचा, ध्रुवांवरचा बर्फ वितळून त्यात भर पडते. शिवाय खाडीकाठची दलदल भरून लोकांनी घरं बांधली, तिवरं तोडली. पूर्वी जे पाणी तिथे पसरायचं त्याला आता जागा उरली नाही.

बाबांनी धोतर पिळलं. "किती वर्सांत उतरंल?"

"ते उतरणार नाही, बाबा. भरती उतरते, पण समुद्र आता वरच जात राहणार."

त्यांनी नळीचं ओलं टोक जमिनीवर ठेवलं. आमच्या भागात पाण्याचं भय म्हणजे ते खाली जाण्याचं. विहिरीत दोर पुरत नाही, बोअर कोरडं पडतं, धरणात तळाचा चिखल दिसतो. पाणी वर येतंय आणि माणूस घाबरलाय, हे त्यांच्या आयुष्यात बसत नव्हतं. मग म्हणाले, "खालचा मजला मीच घ्यायला लावला."

"सगळ्यांनाच तो हवा होता," मी म्हणालो.

"तोटी मी उघडली," ते म्हणाले.

त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत ताईच्या घरातली प्रत्येक वस्तू वर चढली. फ्रिज विटांवर, गादी पलंगावर, पलंगाच्या पायांखाली ठोकळे. बाबा एकदा जाऊन आले आणि पोत्यांत रेती भरून उंबऱ्याशी रचून आले. पोती शिवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. पण पाणी उंबऱ्यावरून येत नव्हतं, ते फरशीखालून येत होतं. भाची शाळेतून आली की दप्तर आधी कपाटावर ठेवायची, भर उन्हाळ्यातसुद्धा. ती आमच्याकडे सुट्टीला आली तेव्हा मस्तगडच्या घरातही तिनं चपला खिडकीत ठेवल्या. मायनं त्या खाली काढल्या, तिनं पुन्हा वर ठेवल्या. त्या दिवशी ताई मला म्हणाली, "पुढच्या पावसाळ्याआधी मला तिथून निघायचंय. कसंही करून."

निघायचं म्हणजे घर विकायचं. दाजींनी सगळं नीट पाहून ठेवलं होतं. त्या इमारतीतली खालची घरं हिवाळ्यात विकली जायची. दिवाळीनंतर भिंती खरवडून रंग द्यायचा, की मिठाचे पांढरे डाग दिसत नाहीत. मग गिऱ्हाईक येतं, खाडीची हवा खातं आणि खूश होतं. सोसायटीत कोणी बोलत नसे, कारण बोललं की सगळ्यांच्याच घराचा भाव पडणार. "आपल्याला तरी कुणी सांगितलं होतं?" दाजी म्हणायचे. "ज्यानं आपल्याला विकलं, त्यानंही ताजा रंगच दिला होता ना?" दाजी वाईट माणूस नाहीत. मुलीच्या दप्तराकडे पाहून ते असं बोलायचे.

रंग दिला गेला. गिऱ्हाईक मात्र आलं ते आमच्याच गावाकडचं.

धावड्याचा एक माणूस बाबांबरोबर मोंढ्यात पोती उचलायचा. त्याचे वाडवडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारे. पुढे त्यांनी शेती धरली, आणि शेतीचं काम नसेल तेव्हा तो जालन्याला हमालीला यायचा. आम्ही त्याला काका म्हणायचो. काकांचा मुलगा शिकला, कंप्युटरचं काम शिकला, आणि योगायोगानं त्याला ताईच्याच शहरात नोकरी लागली. त्याला घर हवं होतं. काकांचा मुलाला पहिला हुकूम होता, "खालचा मजला पाहा. तुझ्या मायचे गुडघे गेलेत." कुठून तरी त्यांना ताईच्या घराविषयी कळलं आणि त्यांनी बाबांना निरोप धाडला, की बोलायला येतो.

ताई तेव्हा रजा घेऊन भाचीसह जालन्यात आली होती. काका येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी घरात कोणी नीट जेवलं नाही. फोनवर दाजी बाबांना म्हणाले, "मामा, तुम्ही फक्त 'घर चांगलं हाय' एवढं म्हणा. खोटं न्हाई ते. घर चांगलंच हाय. पुढचं मी पाहातो."

फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, "जावई म्हन्तो ते बराबर हाय. पोरीला तिथून काढायचं का न्हाई?"

माय भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "काढा की. मंग पुढच्या पौर्णिमेला शील घेतानी चौथं सोडून द्या. मी भंतेजींना सांगते, ह्यांचं चौथं यंदा माफ करा म्हनून."

चौथं शील खोटं न बोलण्याचं. बाबा तिच्यावर चिडले. "तुला काय जातं बोलायला! तिथं लेक पान्यात बसती."

"माजीबी लेकच हाय ती," माय म्हणाली.

ताई भिंतीला टेकून बसली होती. ती कुणाच्याच बाजूनं बोलली नाही.  खरं सांगायचं तर तिनं त्या घरातून बाहेर पडावं, एवढंच मला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका आले. बरोबर गूळ आणि तूर आणली होती. चहा झाला, मोंढ्यातल्या जुन्या गोष्टी झाल्या, कोण गेलं कोण राहिलं ते झालं. मग काका म्हणाले, "गड्या, आता घराचं. पोरगा म्हन्तो बाबा तुमी येऊन पाहा. मी म्हन्लं, मी काय पाहू? तू पाह्यलं हायेस ना? मंग झालं. तुझा शब्द म्हन्जे मी पाह्यल्यासारखंच."

बाबांनी बशी खाली ठेवली. त्यांनी ताईकडे पाहिलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि फार हळू मान हलवली. ती 'सांगा' अशी हलली, की 'नका' अशी, हे मला तेव्हा कळलं नाही. बाबांना कळलं असावं.

"त्या घरात समुद्राचं पानी शिरतं," बाबा म्हणाले. "पावसाळ्यात. तू घेऊ नको."

काका हसायलाच लागले. "आसं का? कोन भेटलं?"

"काय कोन भेटलं?"

"दुसरं गिऱ्हाईक! सरळ सांग ना गड्या, जास्तीचं बोललं कोनी म्हनून. समुद्र काहून मधी आनतो?"

"आरं, खरं सांगून राह्यलो!"

"मोंढ्यातबी तू आसाच. चांगलं पोतं दिसलं की म्हनायचा, भिजलंय, याला हात लावू नका. आन मंग सोताच उचलायचा."

बाबांचा चेहरा पडला. स्वतःच्या लेकीचं नुकसान करून खरं बोलायला बसलेल्या माणसावर कोणी विश्वास ठेवत नाही, अशी वेळ मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते माझ्याकडे वळले, "मास्तर, तू सांग याला." मी भरती, गटार, समुद्राची पातळी असं बोलायला लागलो, तर काका आणखीच हसले. "पोरालाबी पढवून ठिवलं वाटतं."

तेव्हा ताई उठली. तिनं फोन काढला आणि काकांच्या हातात दिला. तिनं घेतलेली छोटी चित्रफीत होती. बाहेर ऊन, आत गुडघ्याच्या खाली काळसर पाणी, त्यात तरंगणारा झाडू, आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर पाय वर घेऊन बसलेली भाची.

काकांनी ती पाहिली. पुन्हा लावायला सांगितली. मग फोन परत देऊन विचारलं, "ही पोरगी कुठंय?"

भाची आतून आली.

"तुला भ्या वाटतं का गं तिथं?"

"भ्या न्हाई वाटत," ती म्हणाली. "पण एकच चप्पल वाहून जाते. मग दुसरी पण टाकावी लागते."

काका यावर हसले नाहीत. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्यानं मेंढरं बसवायला कधी वढ्याच्या काठाला जागा धरली न्हाई. वढा कोरडा आसला तरी. उंचवटा पाहायचा, मंग मेंढरांभवती जाळ्याची वाघूर लावायची. आन मी पोराला म्हन्लो, खालचा मजला पाहा. न्हाई, जालन्याची सवय लागली मला." ते उठले. दारात बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लई मोठं नुसकान करून घेतलंस गड्या."

संध्याकाळी दाजींचा फोन आला. ताईनंच सांगितलं त्यांना. पलीकडून एवढंच ऐकू आलं, "झालं! आता घ्या घर उशाशी." त्यानंतर बरेच महिने ते बाबांशी तुटक बोलत होते. बाबा ते सोसत होते. मला मात्र काळजी वाटायची ती ताईची. पुढचा पावसाळा जवळ येत होता आणि ती होती तिथेच होती.

पण मस्तगडच्या त्या दुपारनं तिच्यात काहीतरी मोकळं केलं होतं. इतकी वर्षं जे कुणी बोलत नव्हतं ते एकदा बोलून झालं होतं, आणि आभाळ कोसळलं नव्हतं. परत गेल्यावर सोसायटीच्या मिटिंगमध्ये ती उभी राहिली. काय झालं ते तिनं मला फोनवर सांगितलं, पूर्वी मी तिला धडे सांगायचो तसं.

ती म्हणाली, "खालच्या घरांत पाणी शिरतं, हे लिहून घ्या."

चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ उसळले, "मॅडम, बाहेर बोलू नका असलं. भाव पडतील."

"तुम्ही अंघोळ कुठल्या पाण्यानं करता?" ताईनं विचारलं.

"म्हणजे?"

"गच्चीवरच्या टाकीतलं ना? ते वर कुठून चढतं? जमिनीखालच्या टाकीतून. त्या टाकीचं झाकण माझ्या दारासमोर आहे. गेल्या उधाणाला ते बुडायला चार बोटं कमी होतं. ज्या दिवशी बुडेल, त्या दिवशी चौथ्या मजल्यावरही खारं पाणी येईल. पंपाची मोटर खाली आहे. विजेचे मीटर खाली आहेत. तुम्ही वर राहता, पण तुमचं सगळं खालीच आहे."

मला वाटतं, हे ताईच बोलू शकली. तिथल्या लोकांसाठी पाणी म्हणजे तोटी. आमच्यासाठी पाणी म्हणजे ते कुठून येतं, कुठे साठतं, कुणाच्या दारावरून जातं, कोण चढवतं.  शेवटी सेक्रेटरींनी लिहून घेतलं म्हणे.

त्या उन्हाळ्यात टाकीचं तोंड बांधून उंच केलं गेलं. मीटर जिन्याच्या पहिल्या वळणावर गेले. सगळ्यांनी मिळून अर्ज केला, हेलपाटे घातले, तेव्हा गटाराच्या तोंडाला एकेरी झडप बसली. गटाराचं पाणी बाहेर जाऊ देते, खाडीचं आत येऊ देत नाही. तिच्यात कधी कचरा अडकतो आणि ती उघडीच राहते, पण पाणी निम्म्यानं कमी झालं. जुनी इमारत पाडून नवी बांधायची बोलणी आधीपासून चालू होती. तिच्यात आता नवी अट आली: तळाला कोणाचंही घर नको, नुसते खांब, सगळ्यांनी एक मजला वर सरकायचं. त्याला प्रत्येकाची सही हवी, असं सोसायटीनं ठरवलं. वरच्यांना यात काय मिळणार, असं विचारणारे होतेच. सह्या एकेक करून येत होत्या.

आणि काकांच्या मुलानं त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं घर घेतलं. काकांचाच हुकूम, "समुद्राजवळ राहायचंच, तर ज्यांनी खरं सांगितलं त्यांच्या वर राहा." त्याच्या एका खोलीत आता पावसाळाभर भाचीची पुस्तकं, गाद्या आणि दाजींची अवजारांची पेटी असते. पहिल्यांदा पेटी ठेवायला गेले तेव्हा दाजी दारात अवघडून उभे राहिले. याच मुलाला त्यांनी ते घर विकलं असतं. मुलानं पेटीचं दुसरं टोक धरलं आणि विचारलं, "दाजी, ह्यात काय लोखंड भरलंय का अख्खं वर्कशॉप?" त्या दिवशी दाजींनी बऱ्याच महिन्यांनी आपणहून बाबांना फोन केला. बोलले हवापाण्याचंच. पण बराच वेळ बोलले.

मी वर्गात समुद्राची पातळी शिकवतो तेव्हा मुलं विचारतात, "सर, मुंबई बुडणार का?" पूर्वी मी पुस्तकातलं उत्तर द्यायचो. आता म्हणतो, समुद्र वर येणार हे खरं आहे, आणि ज्यांनी हवा सगळ्यात कमी तापवली त्यांच्या मोरीत तो आधी येतो, हेही खरं आहे. ते थांबवायला मोठी कामं मोठ्या लोकांना करावीच लागतील. पण एखादी इमारत बुडते की एक मजला वर सरकते, हे तिच्यातली माणसं एकमेकांना खरं सांगतात का, यावरही ठरतं. मग मी त्यांना गवंड्याची नळी दाखवतो. पहिल्या बाकावरच्यांवर थोडं पाणी सांडतं, ते त्यांना फार आवडतं.

यंदाच्या श्रावणातलं उधाण मोठं असणार असं ताईनं आधीच कळवलं होतं. त्या दुपारी माय, बाबा आणि मी मस्तगडच्या घरात फोन मध्ये ठेवून बसलो होतो. पलीकडे जिन्यात भांड्यांचा आणि माणसांचा आवाज होता. काका आणि काकू मुलाकडे राहायला गेले होते. ताईचा फोन काकांनीच उचलला.

"ऐक गड्या," ते ओरडून बोलत होते, "तो चवथ्या मजल्यावरचा, भाव पडंल म्हननारा..."

"त्याचं काय?"

"आज सकाळी त्यानं खालच्या म्हातारीची शिलाई मशीन उचलून वर नेली. खाली आला, मोरीतनं पानी वर येतानी डोळ्यांनी पाह्यलं, आन सेक्रेटरीला म्हन्ला, आना तो नव्या इमारतीचा कागद. सही केली त्यानं! शेवटचीच ऱ्हाइल्ती."

"खरं सांगतो का?" बाबा म्हणाले.

"तू इचारतो मला, खरं का म्हनून?" काका खो खो हसले. मागून काकूंचा आवाज आला, "आवो, फोनवर काय गप्पा हानता, तो जावई एकटाच फ्रिज धरून हुभा हाय!" आणि त्यामागून दाजींचा, धापा टाकत, "काका, जल्दी!"

"आलो आलो. बरं, ठिव आता," काका म्हणाले. पण फोन बंद करायचा ते विसरले. त्यांनी तो तसाच खिशात टाकला असावा. आम्ही तिघं बराच वेळ त्या जिन्यातला गलका ऐकत बसलो.